ट्रॅक्टरच्या पॉवर स्टेअरिंगचा सिलिंडर : गळती, निदान आणि घरची दुरुस्ती

जुन्नर तालुक्यातल्या येडगाव धरणाच्या आसपास कुकडीच्या पाण्यावर ऊस, टोमॅटो आणि कांदा होतो. या शेतांत ट्रॅक्टर जितक्या वेळा वळतो, तितकी वळणे हमरस्त्यावरच्या गाडीच्या वाट्याला येत नाहीत. बांधाशी वळणे, सरीच्या टोकाला वळणे, ट्रॉली मागे घेताना जागच्या जागी चाक फिरवणे, हे सगळे दिवसभर चाललेले असते. हंगामात उसाच्या ट्रॉल्या विघ्नहर साखर कारखान्याकडे निघतात, तेव्हा हाच ट्रॅक्टर वजन ओढत रस्त्यावर येतो. पुढच्या आसावरचा हायड्रोलिक सिलिंडर ही सगळी वळणे पेलतो. तो गळू लागला की बहुतेक ठिकाणी एकच इलाज होतो : सील किट आणायचे, बदलायचे आणि मोकळे व्हायचे. पुढच्या हंगामात सिलिंडर पुन्हा गळतो, आणि मग दोष किटला दिला जातो.

सील बहुतेक वेळा आपणहून खराब होत नाही. रॉडवरचा ओरखडा, तेलातली माती, वाकलेला रॉड, चुकीचे तेल यांपैकी कशानेतरी त्याला खराब केलेले असते. दुरुस्तीचे खरे काम हे कारण शोधण्याचे आहे. सील बसवणे हा त्यातला शेवटचा आणि त्या मानाने सोपा भाग. सिलिंडरची दुरुस्ती घरी करता येते, पण कुठपर्यंत करता येते हेही आधी ठरवून घ्यावे लागते.

यंत्रणा

जुन्या ट्रॅक्टरमध्ये स्टेअरिंगच्या चाकापासून पुढच्या चाकांपर्यंत लोखंडी जोडणी सलग असे. संपूर्ण हायड्रोलिक स्टेअरिंगमध्ये ती नसते. इंजिनवर चालणारा गिअर पंप तेल पुरवतो. स्टेअरिंगच्या दांड्याखाली असलेले एकक आपण चाक जितके फिरवू तितकेच तेल मोजून सिलिंडरच्या एका बाजूला सोडते आणि दुसऱ्या बाजूचे तेल टाकीकडे परत नेते. मिस्त्री लोक त्याला ऑर्बिट्रोल म्हणतात. डॅनफॉस कंपनीचे हे व्यापारी नाव आपल्याकडे वस्तूचेच नाव होऊन बसले आहे. सिलिंडरमधला पिस्टन सरकतो, रॉड टाय रॉडला ढकलतो आणि चाके वळतात. चालकाच्या हाताचा आणि पुढच्या चाकाचा संबंध फक्त तेलाच्या दोन नळ्यांतून असतो. इंजिन बंद पडले तरी ऑर्बिट्रोल हातपंपासारखा चालून जड का होईना वळण देतो, पण त्यासाठी नळीत तेल असावे लागते आणि ते पिस्टनच्या पलीकडे निसटता कामा नये.

जोर किती असतो, ते आकड्यांत पाहू. सिलिंडरचा आतला व्यास 50 मिलिमीटर आणि रॉड 25 मिलिमीटर जाडीचा धरला, तर पिस्टनच्या पूर्ण तोंडाचे क्षेत्रफळ 19.6 चौरस सेंटिमीटर येते. रॉडच्या बाजूला रॉडची जागा वजा जाऊन 14.7 उरतात. दाब 100 बार असेल, तर ढकलण्याचा जोर सुमारे 2000 किलो आणि ओढण्याचा सुमारे 1500 किलो भरतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून हा दाब काय असेल याचा अंदाज करावा. बहुतेक ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगमधला जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह 100 ते 150 बारच्या दरम्यान उघडतो.

याच हिशोबातून एक गैरसमज दूर होतो. एका बाजूनेच रॉड बाहेर येणाऱ्या सिलिंडरमध्ये, स्ट्रोक 200 मिलिमीटर धरल्यास, एका दिशेला 393 घन सेंटिमीटर तेल लागते आणि दुसऱ्या दिशेला 295. ऑर्बिट्रोल फेऱ्यामागे 100 घन सेंटिमीटर तेल सोडत असेल, तर एकीकडे जवळजवळ चार फेरे आणि दुसरीकडे तीन फेरे लागणारच. ‘डावीकडे जास्त फिरवावे लागते’ म्हणून असा धडधाकट सिलिंडर उघडू नये. दोन्ही बाजूंना रॉड असलेला, आसाच्या मधोमध बसवलेला सिलिंडर मात्र दोन्हीकडे सारखेच फेरे घेतो, आणि तिथे फरक पडला तर तो दोष समजावा. ट्रॅक्टर चांगला चालत असतानाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे लागतात ते मोजून वहीत लिहून ठेवावे. तीनाचे चार झाले, तर जवळपास 100 घन सेंटिमीटर तेल दर वळणाला भलतीकडे चालले आहे, हे काहीही न उघडता कळते.

तेल निसटते कसे

गळती दोन प्रकारची. बाहेरची गळती डोळ्यांना दिसते : रॉड जिथून बाहेर येतो त्या ग्लँडपाशी तेल ओघळते आणि त्यावर माती बसून चिकट थर होतो. आतली गळती दिसत नाही. पिस्टनच्या एका बाजूचे तेल सीलवरून दुसऱ्या बाजूला जाते. तेल कमी होत नाही, जमिनीवर थेंब पडत नाही, पण वळण ढिले होते.

बारीक फटीतून जाणारे तेल दाबाच्या प्रमाणात वाढते, हे कोणीही मान्य करील. फटीच्या रुंदीशी असलेला संबंध मात्र पटकन ध्यानात येत नाही. गळती रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली, तर गळती आठपट. म्हणून सील महिनोन् महिने थोडे थोडे झिजत असते तेव्हा काही जाणवत नाही, आणि मग पंधरवड्यात स्टेअरिंग एकदम बिघडल्यासारखे वाटते. बिघाड जुनाच असतो.

दुसरा भाग तेलाच्या दाटपणाचा. 46 क्रमांकाचे हायड्रोलिक तेल 40 अंश सेल्सिअसला जितके दाट असते, त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकेच ते 80 अंशांना राहते. म्हणजे तीच फट, तोच दाब, पण गळती चौपट. सकाळी स्टेअरिंग ठीक आणि दुपारी बाराला ढिले, अशी तक्रार आली की कुठेतरी झीज आहे असे समजून चालावे. तेलाची पातळी कमी असेल किंवा तेलात हवा गेली असेल, तर लक्षण वेगळे असते : स्टेअरिंगचे चाक हिसके देते, पंप घरघरतो आणि टाकीत फेस दिसतो.

तिसरी बाब दुरुस्ती करणारे बरेच जण सोडून देतात, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. दोन्ही बाजूंना रॉड असलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टनचे सील गेले, तर एका कप्प्यातून निघालेल्या तेलाला दुसऱ्या कप्प्यात तेवढीच जागा मिळते. रॉड मोकळेपणाने सरकतो. चालकाने स्टेअरिंग स्थिर धरले तरी ट्रॅक्टर एका अंगाला जात राहतो. एका रॉडच्या सिलिंडरमध्ये हे इतके सहज घडत नाही. रॉड आत यायचा तर त्याला आत जागा हवी, आणि नळ्या बंद असताना तेल दबून जागा करून देत नाही. त्यामुळे सील फाटलेले असूनही चाक धरून ठेवल्यासारखे वाटते. पण तेव्हा आतला दाब पिस्टनच्या क्षेत्रफळावर तोलला जात नाही, रॉडच्या क्षेत्रफळावर तोलला जातो. खड्ड्यात चाक आदळून रॉडवर 1000 किलोचा भार आला, तर चांगल्या सिलिंडरमध्ये सुमारे 50 बार दाब तयार होईल. आतून गळणाऱ्या सिलिंडरमध्ये तोच भार सुमारे 200 बारपर्यंत जाऊ पाहतो. मध्ये शॉक व्हॉल्व्ह असेल, तर तो काही दाब सोडून देतो. उरलेला सगळा मार ग्लँडच्या सीलवर पडतो.

म्हणजे बाहेर दिसणाऱ्या गळतीचे मूळ आत असू शकते. नुसते ग्लँडचे सील बदलून सिलिंडर पुन्हा चढवला, तर तेच सील काही आठवड्यांत परत गळते, आणि त्यात सीलची काही चूक नसते. सिलिंडर एकदा उघडला की पूर्ण किट बदलावे.

उघडण्यापूर्वी

सिलिंडर काढण्याआधी दोष खरोखर त्याचाच आहे का, हे पाहावे. एकाने इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून टाय रॉडचे बॉल जॉइंट, किंगपिन आणि सिलिंडरची पिन यांच्याकडे बघावे. रॉड हलतो पण चाक उशिरा हलते, असे दिसले तर तेलाचा प्रश्नच नाही. सांधे झिजले आहेत.

कामाच्या वेळी ट्रॅक्टरच्या पुढच्या भागावर वजन किती आहे, हेही दोष लपवते किंवा उघड करते. मागे रोटाव्हेटर उचलला की पुढचा आस हलका होतो आणि अर्धे सील गेलेला सिलिंडरही छान वळतो. त्याच ट्रॅक्टरला पुढे लोडर लावून बकेट भरली की तो अडून बसतो. म्हणून चाचणी अवजार खाली टेकवून घ्यावी.

आतली गळती पक्की करण्याची रीत अशी. चाके एका टोकाला पूर्ण वळवून इंजिन बंद करावे. दाब नसलेल्या बाजूची नळी सिलिंडरवरून सोडवावी आणि तिच्या तोंडावर आट्यांचे लोखंडी बूच घट्ट बसवावे. चिंधी किंवा लाकडाची खुंटी चालणार नाही. सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली स्वच्छ डबा ठेवावा. इंजिन मंद गतीवर चालू करून स्टेअरिंग त्याच दिशेला आणखी दाबून धरावे, आणि तेही काही सेकंदच. उलट दिशेला चुकूनही फिरवू नये. उघड्या तोंडातून तेलाची धार आली, तर पिस्टनचे सील गेले. तेल येत नाही आणि तरी स्टेअरिंगचे चाक हातात सरकत राहते, तर तेल ऑर्बिट्रोलमधून निसटते आहे. टोकाला दाबून धरल्यावर ऑर्बिट्रोलमध्ये हळूहळू सरकणे काही प्रमाणात स्वाभाविकच असते. किती चालेल, ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते.

दाबाखालच्या नळीवरची गळती बोट फिरवून कधीही शोधू नये. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली धार कातडीत शिरते. वरून नुसता ठिपका दिसतो, पण आत तेल पसरते आणि हात किंवा बोट कापावे लागण्यापर्यंत वेळ येते. असे झाले तर दुखत नसले तरी लगेच, वेळ न घालवता, शस्त्रक्रिया होणाऱ्या दवाखान्यात जावे आणि ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून शोधावी.

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल, तर सिलिंडर घरी उघडूच नये.

घरच्या पडवीतले काम

पहिले काम धुण्याचे. आसाच्या भोवतीची माती पाण्याने आणि ब्रशने पूर्ण काढून, सुकवून, मगच पाना लावावा. डोळ्यांना साधारण 40 मायक्रॉनपेक्षा बारीक कण दिसत नाही, आणि ऑर्बिट्रोलच्या आतल्या फटी त्याहून कितीतरी लहान असतात. जे कण दिसत नाहीत तेच नुकसान करतात.

पुढचा आस जॅकवर घेऊन खाली लाकडी ठोकळे द्यावेत आणि मागच्या चाकांना दगड लावावेत. इंजिन बंद केल्यावर स्टेअरिंग दोन्हीकडे दोन-तीन वेळा हलवून दाब सोडून द्यावा. नळ्यांवर खूण करून त्या सोडवाव्यात आणि लगेच त्यांची तोंडे बंद करावीत. बॉल जॉइंटची स्प्लिट पिन आणि नट काढल्यावर आट्यांच्या टोकावर हातोडा मारू नये. ज्या डोळ्यात तो बसलेला असतो, त्याच्या कडेवर एक-दोन ठोके दिले की तो सुटतो.

सिलिंडर खोलताना तो कोणत्या जातीचा आहे हे आधी पाहावे. काहींचा ग्लँड आट्यांवर असतो, काहींचा सर्क्लिप किंवा तारेच्या कडीवर. काही सिलिंडर कारखान्यातच वेल्डिंग करून बंद केलेले असतात, आणि ते उघडायचे नसतात. अडकलेला पिस्टन कॉम्प्रेसरची हवा सोडून बाहेर काढण्याची पद्धत सर्रास दिसते. ती सोडून द्यावी. हवा दबून राहते आणि पिस्टन सुटला की गोळीसारखा येतो. हाताने हळूहळू, सरळ रेषेत ओढावा.

आता निघालेले जुने सील फेकून देण्याआधी उजेडात धरून पाहावे. दुरुस्तीतला सर्वांत मोलाचा वेळ मी इथे मानतो. सील कडक होऊन त्याला तडे गेले असतील, तर तेल फार तापत होते किंवा सीलचे वय झाले. सील फुगून मऊ, चिकट झाले असेल, तर तेल चुकीचे होते. ब्रेक ऑइल हायड्रोलिकच्या टाकीत ओतले की नायट्राइल रबराचे असेच होते. एकाच अंगाने झिजले असेल, तर रॉड वाकलेला आहे किंवा ग्लँडमधला बुश मोकळा झाला आहे. कड कुरतडल्यासारखी दिसत असेल, तर दाबाखाली सील फटीत घुसत होते, म्हणजे फट वाढलेली आहे. लांबीच्या दिशेने उभ्या चिरा असतील, तर माती आत गेली. ती बहुतेक वेळा रॉडवरची माती पुसणाऱ्या बाहेरच्या वायपरने सोडलेली असते. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, आपटाळ्याकडे भाताच्या चिखलणीत जाणाऱ्या ट्रॅक्टरचा वायपर आधी जातो. येडगाव-नारायणगावच्या बाजूला ऊस तोडणीच्या दिवसांतली धूळ तेच काम करते. वायपर हे किटमधले एक स्वस्त सील, आणि ते वेळेवर बदलले तर बाकीची वाचतात.

रॉड जाड काचेवर किंवा व्ही-ब्लॉकवर फिरवून पाहावा. तो डुलला, तर वाकलेला आहे. नखाने चाचपून ओरखडे शोधावेत. गोल फिरणाऱ्या बारीक रेघा फारसे नुकसान करत नाहीत. लांबीच्या दिशेची रेघ मात्र तेलाला सरळ बाहेर जायचा रस्ता देते. नख अडत नसेल, तर 1000 किंवा त्याहून बारीक क्रमांकाच्या पॉलिश पेपरने, तेल लावून, रॉडच्या भोवती गोल फिरवून ती मऊ करता येते. लांबीच्या दिशेने कधीही घासू नये. नख अडत असेल किंवा क्रोम उडून गंजाचे खड्डे दिसत असतील, तर घरचे काम तिथे संपले. रॉड हार्ड क्रोमला पाठवावा किंवा नवीन घ्यावा. क्रोमचा थर मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढाच असतो. घासून खड्डा घालवायला गेलो, तर आधी क्रोम जाते. सिलिंडरची नळी आतून चिरलेली असेल, तर होनिंग लेथवाल्याकडेच होते.

किट घेताना ट्रॅक्टरचे नाव सांगून थांबू नये. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगळे सिलिंडर बसवलेले असतात. व्हर्निअरने रॉडचा व्यास, नळीचा आतला व्यास आणि खाचेची रुंदी मोजून न्यावी. प्रत्येक सील काढताना मोबाइलवर फोटो घ्यावा, कारण ओठाच्या सीलची दिशा चुकली तर नवे सीलही पहिल्या दिवसापासून गळेल. वायपर सोडला, तर ओठ नेहमी दाबाच्या बाजूला तोंड करून बसतो.

सुटे भाग स्वच्छ डिझेल किंवा रॉकेलने धुवावेत. थिनर आणि पेट्रोल रबराजवळ आणू नये. पुसायला धागे न सोडणारे फडके घ्यावे. पिस्टनवरची टेफ्लॉनची कडी कडक असते, म्हणून ती गरम पाण्यात ठेवून मऊ करावी आणि मग खाचेत सरकवावी. ती स्क्रू-ड्रायव्हरने ओढली तर कड चिरते, आणि ती चीर काम पूर्ण झाल्यावरच कळते. आट्यांच्या धारेवरून सील न्यायचे असेल, तर आट्यांवर टेप गुंडाळावी. सगळे भाग स्टेअरिंगमध्ये घालायच्याच तेलाने ओले करून जोडावेत. पिस्टनचा नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळावा आणि त्याचे लॉकिंग नवे घालावे. हा नट आत सुटला, तर पिस्टन रॉडवरून निघतो आणि स्टेअरिंग संपते. नळ्या जोडणाऱ्या बँजो बोल्टखालचे तांब्याचे वायसर पुन्हा वापरू नयेत.

हवा काढणे आणि नंतर

तेल पुस्तिकेत सांगितले असेल तेच घालावे. काही ट्रॅक्टरमध्ये स्टेअरिंगची टाकी वेगळी असते, काहींत गिअरबॉक्सचेच तेल फिरते, आणि दोन्हींचे तेल एक नसते. जुने सील तुकडे होऊन निघाले असेल, तर ते तुकडे नळ्यांत आणि ऑर्बिट्रोलकडे गेलेले असू शकतात. तेव्हा नळ्या धुवाव्यात आणि फिल्टर बदलावा.

पुढची चाके जॅकवर अधांतरी असताना, इंजिन मंद ठेवून, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहावे. टोकाला दाबून धरू नये. फेस जाऊन तेल स्वच्छ दिसेपर्यंत हे करावे आणि मधूनमधून पातळी भरावी. मग चाके खाली घेऊन ग्लँड, नळ्यांचे सांधे आणि फेऱ्यांची संख्या तपासावी. वहीतल्या जुन्या आकड्याशी ती जुळली पाहिजे.

ऑर्बिट्रोल उघडू नये. त्याच्या आतले गिअर एका ठरावीक दातावर बसवावे लागतात, आणि ते चुकले तर स्टेअरिंग आपोआप फिरू शकते किंवा उलट वळते. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू गेज लावल्याशिवाय फिरवू नये. ‘थोडा आवळला की जोर येतो’ हे खरे आहे, पण तो जोर नळ्यांना आणि टाय रॉडलाही सोसावा लागतो.

वापरातल्या दोन सवयी सीलचे आयुष्य वाढवतात. ट्रॅक्टर जागेवर उभा असताना चाके वळवू नयेत. तो थोडा पुढे-मागे सरकत असताना वळवला, तर दाब पुष्कळ कमी लागतो. आणि पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा ठेवायचा असेल, तर एका रॉडच्या सिलिंडरचा रॉड आत जाईल अशा दिशेला चाके वळवून ठेवावीत. बाहेर राहिलेल्या रॉडवर गंज चढतो. जो भाग बाहेर राहतोच, त्यावर तेलाचे फडके फिरवावे, आणि पुन्हा कामाला लावण्याआधी ते तेल-धूळ पुसून काढावे.

दुरुस्तीनंतर पहिला दिवस ट्रॅक्टर शेतातच चालवावा आणि संध्याकाळी सर्व सांधे पुन्हा पाहावेत. स्टेअरिंग स्थिर धरूनही चाक सरकत असेल, तर तो ट्रॅक्टर पुणे-नाशिक महामार्गावर किंवा अणे घाटात ट्रॉलीसह नेऊ नये, कारखान्याची खेप चुकली तरी चालेल.